मी रस्ता लिहिलेला ओढा

आधी माफी मागतो. आमच्या घरात सहीच्या पलीकडे कुणी फारसं लिहिलेलं नाही, आणि मीही लिहिलं ते प्रयोगवह्या आणि अहवाल एवढंच. स्वतःच्या चुकीवर चार पानं भरायचा मला अधिकार आहे का, तेही ठाऊक नाही. पण अहवालात ही गोष्ट एका ओळीत आली आहे, आणि ती ओळ मला पुरत नाही.

मी सांगोला तालुक्यातला. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. सोलापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी सरांनी मला शहराच्या पुराच्या मॉडेलच्या कामावर घेतलं. कॉम्प्युटरमध्ये अख्खं शहर लहान लहान चौकोनांत मांडायचं, प्रत्येक चौकोनाची उंची द्यायची, तिथे घर आहे, रस्ता आहे की नाला आहे ते सांगायचं, आणि मग वरून पाऊस पाडायचा. पाणी जिथे साचेल तिथे निळं दिसतं. सुट्टीत आईला हे समजावून सांगितलं, तर भाकरी थापता थापता ती म्हणाली, "टँकर कवा येतोय ते सांगतंय का तुझं मशीन?" आबा हसले. मीही हसलो.

उंची उपग्रहावरून मिळते, पण गल्ल्या दाट असल्या की छपरांखाली काय आहे ते कळत नाही. म्हणून शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या वस्तीत मी टेप आणि मोबाईल घेऊन आठवडाभर फिरलो. तिथे एका घराच्या उंबऱ्यात एक मावशी विड्या वळत बसलेली असायची. घर तेलुगू, पण माझ्याशी मराठीत बोलायची. मी घराच्या जोत्याची उंची घेत होतो. काय मोजतोस, असं तिने विचारलं. मी सांगितलं, तेव्हा तिने आतल्या खाटेकडे बोट दाखवलं. तिचा नवरा अर्धांगवायूने तीन वर्षं खाटेला खिळला होता. मुलगा भिवंडीला पॉवरलूमवर कामाला. मागे एकदा गल्लीत घोट्याएवढं पाणी आलं होतं, तेव्हापासून तो दोघांनाही तिकडे या म्हणत होता. पाणी वाढलं तर एकटी आई बाबांना कशी उचलणार, ही त्याची काळजी. तिला जायचं नव्हतं. शेजार इथला, देऊळ इथलं, विड्यांचं काम इथलं.

"बघ की तुझ्या मशीनवर, आमच्या घरात येतंय का," ती म्हणाली. "लेकाला सांगते मग."

काही दिवसांनी मी तिचं घर मॉडेलवर पाहिलं. मोठ्यातला मोठा पाऊस पाडला तरी ते पांढरं राहिलं, म्हणजे कोरडं. तपासणी होईपर्यंत वस्तीत कुणाला काही बोलायचं नाही, असं सरांनी बजावलं होतं. तरी मी गेलो. कुणीतरी आपल्याला काही विचारावं आणि त्याचं उत्तर आपल्याकडे असावं, हे मला नवीन होतं. तुमच्या घरात पाणी येत नाही, असं मी तिला सांगितलं. तिने माझ्यादेखतच भिवंडीला फोन लावला. मुलाचा हट्ट त्या दिवशी संपला.

चूक पुढच्या महिन्यात सापडली. त्या घरांच्या मागून एक पट्टा जातो. दोन्ही बाजूंना भिंती, मधे वाळलेली माती, लावलेल्या गाड्या, बांधलेली एखादी शेळी. फिरताना तिथे मी मोबाईलवर 'रस्ता' असं लिहिलं होतं. आमच्याकडे ओढा वर्षभर कोरडाच. शाळेला मी ओढ्यातून गेलो, मेंढरं ओढ्यातून जातात, वऱ्हाडाचा ट्रॅक्टरही तिथूनच. ज्यातून माणसं चालतात ती वाट, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मॉडेलमध्ये मात्र ओढ्याला शहराबाहेरच्या माळावरचं पाणी येऊन मिळतं, रस्त्याला मिळत नाही. माझ्या एका शब्दाने ते सगळं पाणी अडलं होतं.

सरांनी तिथे नाला दाखवणारा जुना नकाशा शेजारी ठेवला आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. दुरुस्त कर म्हणाले. मी 'रस्ता' खोडून 'नाला' केलं आणि मॉडेल पुन्हा चालवलं. पाऊस सुरू झाल्यावर पाऊण तासात मावशीचं घर निळं झालं. मग गडद निळं.

तिला मी काय सांगून आलो होतो, ते सरांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्याकडे गेलो. काय बोलायचं ते वाटेत दहादा जुळवलं. तिने चहा ठेवला. खाटेवरच्या काकांना बोलता येत नव्हतं, पण मला ओळखून ते अर्ध्या तोंडाने हसले. तेवढ्यात मुलाचा फोन आला. "हे बघ, तोच पोरगा आलाय कॉलेजचा. तूच इचार," म्हणत तिने फोन माझ्या हातात दिला.

फोनमधून यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येत होता. त्याने सरळ विचारलं, दोघांना घेऊन जाऊ का. घाबरलो की माझ्या तोंडी गावाकडची भाषा येते.

"अजून तपासणी चालू हाय," मी म्हणालो.

"म्हणजे तसं काय भ्या न्हाय ना?"

मावशी पदराने कप पुसत माझ्या तोंडाकडे बघत होती.

"न्हाय," मी म्हणालो.

मग चहा घेतला आणि आलो. उद्या जाऊ, असं रोज ठरवत राहिलो. नवव्या दिवशी परतीचा पाऊस आला. भर दुपारी अंधारून आलं. मी लॅबमध्ये होतो. तिचा नंबर माझ्याकडे नव्हता, तो मागून घ्यावा असं कधी सुचलंच नव्हतं. छत्री न घेता निघालो, पण अर्ध्या वाटेवर चौकातच पाणी इतकं होतं की पोलीस कुणाला पुढे सोडत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. भिंतीवर चिखलाची रेघ माझ्या छातीएवढी होती. दाराला कुलूप. खाट गल्लीत उभी करून ठेवलेली. शेजारचा माणूस घरातला गाळ फावड्याने बाहेर काढत होता. तो म्हणाला, दोघांनाही उचलूनच नेलं, मुलगा रातोरात येऊन भिवंडीला घेऊन गेला. "एकाचं काय खरं न्हाय म्हणतेत." कुणाचं, ते त्याला माहीत नव्हतं, तो स्वतः तेव्हा गच्चीवर अडकला होता. मी एका कागदावर माझा नंबर लिहून त्याच्याकडे दिला.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते नीट सांगता येणार नाही. अहवाल पूर्ण झाला, सरांनी माझं कौतुकही केलं. लॅबमध्ये कुणी नसलं की मी तोच पाऊस पुन्हा पाडायचो आणि चाळिसाव्या मिनिटाला मॉडेल थांबवायचो. घर पांढरं असायचं. तसंच ठेवून बघत बसायचो. त्या चौकोनात खाट दिसत नाही, माणूस दिसत नाही. दिवाळीला गावी गेलो, मेंढरांमागे ओढ्यात उतरलो आणि मधेच थांबलो. वरच्या अंगाने काहीतरी येतंय असं वाटलं. पायाखाली तर फुफाटा होता. आबांनी विचारलं, काय ऐकतोयस. काय न्हाय म्हणालो.

गेल्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. मावशीचा मुलगा होता. कागद त्याला शेजाऱ्याकडून उशिरा मिळाला होता. तो शांतपणे बोलत होता. त्या दिवशी आईने बाबांना एकटीने स्वयंपाकाच्या ओट्यावर चढवलं आणि मग ती पाण्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती परत उठली नाही. बाबा आहेत. आई परवा गेली, असं तो म्हणाला.

त्यालाच वाटलं असावं की मला धीर द्यायला हवा. म्हणाला, "आई शेवटपर्यंत सांगायची, पोरानं नीट बघून सांगितलं होतं, पाणीच जास्ती आलं."

दहावा सोलापुरातच, त्याच घरात करणार आहेत. मला बोलवायचं, असं ती सांगून गेली आहे.