काटेबाईंनी माणसं तपासली

काटेबाई हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. काटा केसभर जरी कलला तरी बाई तो तिथल्या तिथे सील करत आणि दुकानदाराच्या गयावयांकडे ढुंकून बघत नसत. त्यामुळे बाजारानं त्यांना हे नाव ठेवलं. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

निवृत्त झाल्यावर घरी तपासायला उरले फक्त यजमान. यजमानांना कोर्स करायची हौस. राग आवरण्याचा, वेळ वाचवण्याचा, मनाची ताकद वाढवण्याचा, असे सतरा कोर्स झालेले आणि सतरा प्रमाणपत्रं काचेत बसवून बैठकीत टांगलेली. 'घरकामात पुरुषांचा वाटा' या शिबिरातून आले त्या संध्याकाळी त्यांनी चहाचा कप स्वतः विसळला. दुसऱ्या दिवशी कप टेबलावर तसाच. बाईंनी विचारलं, तर म्हणाले, "अगं, ते आता येतं मला. रोज रोज करून काय दाखवायचं?"

अशा घरातल्या बाईकडे 'नवा माणूस' संस्थेचे सर आपण होऊन चालत आले, यालाच म्हणतात स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं.

ही संस्था तीन दिवसांत माणूस बदलून देई. शहराच्या बस कंपनीनं एका डेपोतले बारा सुपरवायझर तिथे धाडले होते. आता कंपनी म्हणत होती की माणसं खरंच बदलली का, ते बाहेरच्या कुणाकडून तरी तपासून द्या. सरांना बाईंची सही हवी होती. बाईंना वाटलं, काम हवंय.

"आमच्याकडे पुरावा तयारच आहे मॅडम," सर म्हणाले आणि त्यांनी कागदांचा गठ्ठा पुढे केला. प्रत्येक कागदावर पाच गोल चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. हा कागद तिसऱ्या दिवशी गोडाचं जेवण झाल्यावर भरायचा आणि तो दिला की मगच प्रमाणपत्र मिळायचं. सत्त्याण्णव टक्के लोकांनी सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर खूण केली होती.

"ही उत्तरं कुणी दिली?" बाईंनी विचारलं.

"ज्यांनी कोर्स केला त्यांनीच."

"म्हणजे दुकानदारालाच विचारायचं, बाबा रे, तुझा तराजू बरोबर आहे ना?"

सर हसले. कठीण प्रसंगी हसणं हा त्यांच्या कोर्सच्या दुसऱ्या दिवसाचा विषय होता.

बाईंनी चार महिने मुद्दाम जाऊ दिले. मग एका सकाळी चष्मा, वही आणि पाण्याची बाटली घेऊन त्या डेपोत दाखल झाल्या. सुपरवायझरांच्या केबिनकडे फिरकल्याच नाहीत. कंडक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीत, पत्र्याच्या कपाटांशेजारी, एक पाय डुगडुगणाऱ्या बाकावर जाऊन बसल्या. वरिष्ठांचं खरं वजन खालच्यांच्या खांद्यावर कळतं, असा त्यांचा साधा हिशेब.

तिथे एक कंडक्टरीण तिकिटाचं मशीन चार्जिंगला लावून चपला काढून बसली होती. तोंडाची मोठी फटकळ.

"काय गं, कोर्सला गेलेल्यांत कुणी आरडाओरडा करणारे साहेब होते का? ते सुधारले का?" बाईंनी विचारलं.

"मावशी, भलतेच सुधारले! आधी नुसते ओरडायचे. एका मिनिटात मोकळे व्हायचो आपण. आता डोळे मिटतात, लांब श्वास घेतात, दहापर्यंत आकडे मोजतात आणि मग ओरडतात. ते आकडे होईपर्यंत आमचा जीव टांगणीला."

"आणि रजा न देणारे कुणी?"

"ते आता फार छान ऐकून घेतात. खुर्ची पुढे ओढतात, मान हलवतात. म्हणतात, तुमची अडचण माझ्यापर्यंत पोचली. परवा मुलीला ताप होता म्हणून रजा मागायला गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हो मावशी."

"मग दिली रजा?"

"छे! पाणी आलं तेवढंच."

बाईंनी शब्दन् शब्द टिपून घेतला. आठवडाभरात चाळीस जणांशी बोलून झालं. सर ज्या गोष्टींची फुशारकी मारत होते त्यातली एकच खरी निघाली: बाराही सुपरवायझर आता वेळेवर कामावर येत होते. पण बाईंनी कोर्सला न गेलेले डेपोतले दुसरे बारा सुपरवायझरही तपासले. तेही वेळेवर येत होते. कारण कोर्सनंतरच्याच आठवड्यात फाटकावर अंगठा लावायचं यंत्र बसलं होतं.

शेवटी त्यांनी गाड्या सुटण्याच्या वेळांची नोंदवही मागवली आणि सहा महिन्यांची पानं चाळली. रोज दहातल्या चार गाड्या उशिरा सुटत होत्या. मधेच सलग तीन दिवस मात्र जवळजवळ सगळ्या गाड्या वेळेवर. बाईंनी तारखा पाहिल्या आणि त्यांचा पेन थबकला. बाराजण कोर्सला गेले होते, तेच ते तीन दिवस. मागे राहिलेल्यांवर दुप्पट काम पडलेलं, त्यामुळे त्यांना कुणावर खेकसायला सवडच नव्हती, आणि ड्रायव्हर-कंडक्टर आपापल्या गाड्या घेऊन मुकाट निघत होते.

हे सगळं बाईंनी अहवालात जसंच्या तसं उतरवलं. डेपो मॅनेजरसमोरच्या बैठकीत तो वाचला, तेव्हा सरांचा चेहरा पाचातल्या पहिल्या चेहऱ्यासारखा झाला.

"मॅडम, परिवर्तन आतून होत असतं," ते म्हणाले. "ते असं वरवर दिसत नाही."

"मग ते आतच असू द्या. जाहिरातीच्या पत्रकावर कशाला छापता?"

डेपो मॅनेजरनं मात्र नोंदवही पुढे ओढली. त्या तीन दिवसांच्या पानावर बोट ठेवलं. मग सरांकडे वळून म्हणाला, "हा कोर्स दर महिन्याला घेता येईल का? एकदा हे बारा, एकदा ते बारा."

सरांना पुन्हा हसू आलं. या वेळी मात्र कोर्सशिवाय.

पंधरा दिवसांत संस्थेचं नवं पत्रक निघालं. 'तज्ज्ञांच्या तपासणीतून सिद्ध: आमच्या प्रशिक्षणाच्या काळात वेळेवर सुटणाऱ्या गाड्यांत मोठी वाढ!' आणि तज्ज्ञ म्हणून खाली बाईंचं नाव. बाईंनी ते चारदा वाचलं. एक अक्षर खोटं नव्हतं, हेच त्यांना झोंबलं. खोटा तराजू सील करता येतो, याला सील कुठे ठोकणार? यजमान पत्रक हातात घेऊन म्हणाले, "वा, नाव आलं की तुझं! लावूया का काचेत?" बाईंनी पत्रक त्यांच्या हातातून ओढून घेतलं.

संस्थेला माझं नाव काढून टाकायला सांगा, असं डेपो मॅनेजरला खरमरीत पत्र लिहून त्या तडक डेपोत निघाल्या. फाटकातच ती कंडक्टरीण भेटली. बाईंना पाहून तिनं सुटायच्या बेतात असलेली गाडी घंटी मारून थांबवली आणि खाली उतरून बाईंचे दोन्ही हात धरले.

"मावशी, तुमचे फार उपकार झाले! गेल्या आठवड्यात बारा साहेब पुन्हा कोर्सला गेले, ते तीन दिवस कसे गेले म्हणून सांगू! घरी जाऊनही मी कुणावर डाफरले नाही. माझा नवरा विचारायला लागला, तू कुठला कोर्स केलास?"

हातातलं पत्र हातातच राहिलं.

"एवढं एक करा ना मावशी," कंडक्टरीण पायरीवर चढता चढता म्हणाली, "तीन दिवस फार कमी पडतात हो."

गाडी गेली. बाई टायरांच्या ढिगाशेजारच्या ओट्यावर टेकल्या. पत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, तराजूच्या दाखल्यावर लिहीत तशा सुबक अक्षरात, डेपो मॅनेजरला लिहिलं: 'नोंदी पुन्हा तपासल्या. हा कोर्स पाच दिवसांचा केल्यास डेपोचा फायदा अधिक होईल, असे माझे प्रामाणिक मत आहे.' खाली सही केली, तारीख घातली आणि कागद मॅनेजरच्या केबिनच्या खिडकीतून आत सरकवला.