कानसेन आणि बाहेरचं मशीन

माझ्या धाकट्या भावाला सगळे कानसेन म्हणतात. गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, बेसूर आहे मेला. तो एसी दुरुस्त करायचा. गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहून, हत्यारांची पिशवी खाली न ठेवता, नुसतं ऐकून सांगायचा, "बाहेरच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय." नाहीतर म्हणायचा, "गॅस कमी आहे, आणि कुणीतरी आधी येऊन अर्धवट भरून गेलंय." उघडून बघितलं की तसंच निघायचं. लग्न केलं नाही. मी मागे लागले की म्हणायचा, "ताई, दिवसभर दुसऱ्यांच्या घरातली कुरकुर ऐकतो, आता घरीही ऐकू का?" मीही लग्न केलं नाही, त्यामुळे मला फार बोलता यायचं नाही. मी घरीच शिवणकाम करते.

दोन उन्हाळ्यांपूर्वी तो पडला. त्या दिवसातलं अकरावं काम होतं. दुसरा मजला, बाहेरच्या मशीनची एक वायर सैल झालेली. सुरक्षेचा पट्टा पिशवीतच राहिला. "पाच मिनिटांचं काम होतं, ताई," एवढंच तो मला म्हणाला, तेही हॉस्पिटलात तीन आठवडे काढल्यावर. त्यानंतर त्या दिवसाबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. मीही विचारलं नाही. विचारून काय मानेचा मणका जुळणार होता?

आता खांदे हलतात, हात थोडेफार वर होतात, बोटं नाहीत. खाली काहीच नाही. घरी पाठवताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "याच्या अंगाला आता घाम येणार नाही. खोली तापली की हाही तापेल. एकशे दोनच्या वर ताप गेला तर वाट बघत बसू नका." मला वाटलं, एवढंच ना? आयुष्यभर लोकांची घरं गार करत फिरला, त्याचं एक घर मला गार ठेवता येऊ नये?

आणि ठेवलं मी. आम्ही सगळ्यात वरच्या, तिसऱ्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट गच्ची. गच्चीला पांढरा रंग दिला. खिडक्यांना जाड सुती कापडाचे दुहेरी पडदे शिवले. सकाळी सहाच्या आत स्वयंपाक उरकायचा, आठला खिडक्या बंद, त्यानंतर गॅस पेटवायचा नाही. इस्त्री शेजारणीकडे. यानेच बसवलेला एसी त्याच्या खुर्चीच्या दिशेने दिवसभर चालू. त्याचा तो सुरक्षेचा पट्टा, एकदाही न वापरलेला, मी आतून कापूस आणि फ्लॅनेल लावून शिवला आणि त्या पट्ट्याने भावाला चाकांच्या खुर्चीला बांधते. छातीवरून जातो, नाहीतर हा एका बाजूला कलंडतो. पट्टा बघून तो म्हणाला होता, "शेवटी बांधलासच."

एक गोष्ट मात्र मी त्याला न सांगता केली. बाहेरचं मशीन खिडकीच्या उजव्या हाताला, खालच्या छज्ज्यावर लोखंडी ब्रॅकेटवर आहे. दुपारी त्याच्यावर असं ऊन पडायचं की पत्र्याला हात लावला तर फोड येईल. मला दया आली हो त्याची! रोज दुपारी, हा डुलकी घेत असला की मी खिडकीतून नळी सोडायची आणि त्याच्यावर पाणी मारायची. तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवतात ना, तेवढाच विचार. सांगितलं नाही, कारण तो पडल्यापासून मी त्या खिडकीतून वाकलेलं त्याला चालत नाही.

पंधरा दिवसांपासून तो म्हणत होता, "ताई, बाहेरच्याला दम लागलाय."

"तुझे कान वाजतायत."

"माझे कान वाजत नाहीत, मशीन वाजतंय. बोलाव कुणाला तरी."

सीझनमध्ये कोण येतंय? आणि खोली तर गार होती. मी म्हटलं, पडून पडून चिडचिडा झालाय, दुसरं काय.

मग तो दिवस उजाडला. दुपारी एकला एसीचा आवाज बदलला. मलासुद्धा कळला, म्हणजे बघा. आतला वारा चालू, पण साधा, गरम.

"बाहेरचं बंद पडलं," कानसेन म्हणाला. "थांब. दहा मिनिटांनी परत लागेल आणि परत बंद पडेल."

तसंच झालं. तीनदा. चौथ्यांदा त्याने मला बटण बंद करायला लावलं. "जबरदस्ती केलीस तर कॉम्प्रेसर जळेल. मग संपलंच."

त्याच्या जुन्या जोडीदाराला फोन लावला, ज्याच्याबरोबर त्याने बारा वर्षं कामं केली. मागे कुठेतरी ड्रिल चालू होतं. "ताई, संध्याकाळी सहाच्या आत नाही जमणार हो, शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे." ॲम्ब्युलन्सवाली बाई म्हणाली, "उन्हाचे पेशंट खूप आहेत, दोन तास धरा." तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी त्यांच्याकडचा होता नव्हता तेवढा बर्फ आणून दिला आणि ॲम्ब्युलन्सला गल्ली सापडावी म्हणून त्या खाली कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. त्याला उचलणारा माणूस सकाळ-संध्याकाळ येतो, दुपारी त्याचा फोन लागत नाही. मी ओली चादर त्याच्यावर टाकली, पंखा लावला. पंख्यातून भट्टीचा वारा येत होता.

ताप शंभर. मग एकशे एक. अर्ध्या तासात एकशे दोन. त्याचं तोंड लालबुंद आणि अंग कोरडं खडखडीत. माझ्या पदरातून घाम निथळत होता आणि याच्या अंगावर एक थेंब नाही. मला इतका राग आला त्या कोरड्या कातडीचा! माझा घाम काढून याला देता आला असता तर बादलीभर दिला असता.

"ताई," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "बाहेरच्याची मागची जाळी कशी दिसते बघ. वाकू नकोस. मोबाइल बाहेर धरून फोटो काढ."

काढला. त्याच्या डोळ्यांसमोर धरला. मशीनच्या मागे पातळ पत्र्यांची जाळी असते, त्यातून हवा जाते. ती सगळी पांढरी झाली होती, चुना फासल्यासारखी.

तो बराच वेळ बघत राहिला. "तू याच्यावर पाणी मारतेस?"

मी मोबाइल खाली घेतला.

"बोअरचं?"

"रोज," मी म्हटलं. "दुपारी. मला वाटलं, त्याला बरं वाटेल."

वीस वर्षं रोज रात्री जेवताना हा मला सांगत आला होता की लोक मशीनवर बोअरचं पाणी मारतात, क्षार बसतात, जाळी बुजते, मशीन गुदमरून मरतं. मी मान हलवायची आणि भाकरी वाढायची. आमच्या बादलीला तोच पांढरा थर बसतो, दर रविवारी मी तो घासून काढते. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्याच हातांनी मी भावाचा श्वास बंद करत होते, तेही मायेने!

मला वाटलं, आता शिव्या घालेल. तो हसला. "कानसेनच्या घरीच? गिऱ्हाइकांना कळलं तर धंदा बसेल माझा." मग डोळे मिटले. मी थर्मामीटर लावला. एकशे तीन.

"मी साफ करते," मी म्हटलं.

"नाही."

"मग मर इथे!" मी ओरडले. खरंच ओरडले, मेलं तोंड माझं. "मर, आणि मी बघत बसते, चालेल?"

त्याने डोळे उघडले. मग म्हणाला, "मेन स्विच पाड आधी. कोमट पाण्यात लिंबूसत्व घाल, स्प्रेच्या बाटलीत भर. मऊ ब्रश घे. धुवायला पिण्याचं पाणी, बोअरचं नाही. आणि पट्टा बांध. हुक खिडकीच्या गजात अडकव."

पट्टा त्याच्या छातीवर होता. सोडला असता तर तो खुर्चीतून घसरला असता, आणि मला एकटीला तो उचलला जात नाही. पलंगावर न्यायला दोन माणसं लागतात. दोर शोधायला वेळ नव्हता. मी त्याच्या पाठीमागे उभी होते. म्हटलं, पट्टा चादरीखाली आहे, छातीवर त्याला काही जाणवत नाही, कळणार कसं? पाच मिनिटांचं तर काम.

"बांधला," मी म्हटलं.

"हुक?"

"अडकवला."

खिडकीच्या गजांतलं छोटं दार उघडून मी बाहेर पाय टाकला. वय बावन्न, वजन ऐंशी किलो, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. छज्जा दोन वीत रुंद. खाली बघितलं आणि पाचावर धारण बसली. एका हाताने गज, दुसऱ्यात बाटली.

आतून त्याचा आवाज येऊ लागला. एकदम संथ, म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायचा तसा. "घाई नाही ताई. फवारा मार आणि थांब. फसफसू दे. आता ब्रश वरून खाली. आडवा नाही, पत्रे वाकतील. डावा हात गजावरच ना? असू दे. सोडू नकोस." मध्येच म्हणाला, "मला पोहायला शिकवलंस ते आठवतं? पोटाखाली हात धरलाय म्हणायचीस, आणि कधीच काढून घेतलेला असायचा." मला वाटलं, ताप डोक्यात गेला, भ्रमात बोलतोय. मी रडत रडत घासत होते. पांढरं पाणी भिंतीवरून ओघळत होतं. पाच मिनिटं कसली, पंचवीस झाली. तो क्षणभरही बोलायचा थांबला नाही. जीभ अडखळत होती, तरी आवाज चढला नाही.

आत आले, स्विच वर केला, बटण दाबलं. बाहेरचं घरघरलं आणि चालू झालं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली, बंद पडलं नाही. वारा गार झाला. मी खुर्चीला धरून जमिनीवर बसले. तासाभरात ताप एकशे एकवर आला. शिक्षिकाबाई ॲम्ब्युलन्सवाल्यांना घेऊन वर आल्या, त्यांनी तपासलं, बर्फ आणखी ठेवा म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

"ताई," सगळे गेल्यावर तो म्हणाला, "पट्टा कुठाय?"

मी वर बघितलं. हनुवटी छातीला टेकवून तो खाली बघत होता. ओली चादर सरकली होती. पट्टा दिसत होता, आणि त्याचा मोकळा हुक त्याच्या मांडीवर.

"तू खिडकीवर चढलीस तेव्हाच दिसला."

"मग ओरडला का नाहीस?"

बाहेरचं मशीन चालू होतं, तो ते ऐकत होता.

"त्या दिवशी मला खालून कुणीतरी ओरडून विचारलं होतं," तो म्हणाला. "पट्टा कुठाय म्हणून. चांगल्या मनानेच. मी उत्तर द्यायला वळलो."

मी त्याचे पाय धरले. त्याला ते कळलं नाही, पण मी धरले. उन्हाळ्याचे अजून सात आठवडे बाकी होते.