हिरव्या चौकटीतले चेहरे

हस्तकलेच्या बाईंना मुलं मागून डिंकबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. एकदा त्यांनी भर वर्गात विचारलं, "का रे, समोर म्हणताना जीभ चिकटते का?" तेव्हापासून धीट पोरं समोरही म्हणू लागली आणि बाई ओ देऊ लागल्या. नावाचं त्यांना काही वाटत नसे. "बाई, मला येतच नाही" असं कुणी म्हटलं की मात्र त्यांचं डोकं फिरे. कात्री हातात घेण्याआधीच येत नाही हे कळलं कसं, हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं.

शिकल्या होत्या त्या वनस्पतिशास्त्र. नोकरी मिळाली हस्तकलेची, कारण शाळेत तेव्हा तेवढीच जागा रिकामी होती. वर्षभर करू आणि सोडू, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या. पहिले काही महिने तोंड वाकडं करूनच शिकवलं. मग एका सुस्त दुपारी, कायम मागच्या बाकावर पेंगणाऱ्या एका मुलीनं पुठ्ठ्याचा नळ करून आणला. नळ गळत होता. दोऱ्यात ओवलेला एकेक मणी तोटीतून टपकन खाली यायचा. "आमच्या घरचा असाच आहे," ती म्हणाली. बाईंनी तो नळ टेबलावर ठेवला आणि सोडून जायचा विषय पुन्हा काढला नाही. म्हणता म्हणता केस पिकले.

आणि मग शाळेनं पडद्यावर तास घ्यायचं एक ॲप घेतलं.

इमारतीचा अर्धा भाग दुरुस्तीला निघाला होता. खोल्या कमी पडल्या. मोठ्या वर्गांचे काही तास मुलांनी घरून, पडद्यावर करायचे असं ठरलं, आणि त्यात हस्तकलेचा नंबर पहिला लागला. हस्तकलेच्या खोलीतली लांब टेबलं जिन्याखाली गेली आणि त्या खोलीत चित्रीकरणाचे दिवे नि कॅमेरे बसले. गंमत बघा, हातानं करायचा विषय तेवढा घरी पाठवला आणि नुसतं ऐकायचे विषय वर्गात ठेवले. पण हे बोलायचं कुणाला?

बाईंनी स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, लॅपटॉप डब्यांना टेकवून उभा केला आणि काम सुरू केलं. टाकाऊ वस्तूंतून एक हलणारं खेळणं, हा सत्राचा विषय. पंख फडफडवणारा पक्षी चालेल, दात घासणारा आजोबा चालेल, काहीही चालेल; हललं पाहिजे आणि आधी कुणी केलेलं नसलं पाहिजे. तेरा-चौदा वर्षांची पोरं ती. पहिल्या तासाला "काय करू" म्हणून कुरकुरली, दुसऱ्या तासाला हट्टाला पेटली, आणि पुढं तर पडद्यावर चेहरे दिसेनातच. दिसायचे ते भांग, वेण्या आणि एखादं नुकतंच कापलेलं टाळकं. सगळी मान खाली घालून कामात. कात्र्यांची करकर आणि मधूनच कुणाचं तरी "शी, पुन्हा तुटलं!" बाईंना वाटलं, झकास चाललंय.

मुख्याध्यापकांनी बोलावलं तेव्हा त्यांना वाटलं कौतुकालाच बोलावलंय.

"बाई, हे बघा." सरांनी पडदा त्यांच्याकडे फिरवला. "गणिताचा तास हिरवा. भाषेचा हिरवा. इतिहाससुद्धा हिरवा. तुमचा मात्र लालभडक."

"म्हणजे काय?"

"ॲप मुलांचं लक्ष मोजतं, घरच्या कॅमेऱ्यातून आणि वर्गात बसवलेल्या कॅमेऱ्यांतूनही. चेहरा समोर असला, डोळे उघडे असले की हिरवी चौकट. नसला की लाल. तुमच्या तासाला मुलांचं लक्षच नसतं."

"सर, हात चालू असले की मान खालीच जाणार ना! न्हाव्यानं गिऱ्हाइकाकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघितलं तर कान जागेवर राहील का?"

सर हसले, पण नाइलाजानं. माणूस वाईट नव्हता. वरून दाबलं की खाली चेपणारा होता इतकंच. "ते मला कळतं हो. यंत्राला कसं कळणार? सत्र संपताना विश्वस्तांची बैठक आहे. जे तास लाल राहतील ते बंद करून त्यांच्या जागी कंपनीच्या तयार चित्रफिती लावायच्या, असं त्यांच्या मनात आहे. तुम्हाला मग ग्रंथालयात घेऊ."

"चित्रफीत बघून खेळणं करायचं म्हणजे सगळ्यांचं एकसारखं खेळणं होणार!"

"पण हिरवं होणार," सर म्हणाले.

बाई घरी आल्या त्या तणतणतच. नवरा पेपर वाचत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग सांग ना पोरांना, मधून मधून वर बघा म्हणून. तुझं काय जातंय?"

काय जातं ते पुढच्याच तासाला कळलं. सरांनी त्या चौकटी आता बाईंच्या पडद्यावरही चालू करून दिल्या होत्या. बाई टेबलावर चमचा आपटून ओरडायच्या, "वर बघा!" सगळे चेहरे वर यायचे, चौकटी हिरव्या व्हायच्या. खाली गेले की पुन्हा लाल. पुन्हा चमचा. मुलांची लय पार बिघडली. पट्ट्या वाकड्या कापल्या गेल्या, कुणाची काडी मोडली, आणि ज्या मुलीला सगळा वर्ग मुंगी म्हणायचा, कारण ती लहानखुरी होती आणि कधी रिकामी नसायची, तिनं वर बघता बघता स्वतःच्या अंगठ्यावर ब्लेड ओढून घेतलं. पडद्यावर रक्त दिसलं. तिची आई धावत आली, बोट बांधलं, आणि जाताना कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "बाई, कशाला ओरडता हो सारखं?"

मुंगीची चौकट त्या वेळी हिरवीगार होती. वेदनेनं तिचे डोळे चांगले विस्फारले होते.

बाईंनी चमचा बेसिनमध्ये फेकला. "ऐका रे. आजपासून वर बघायचं नाही. माझं चुकलं." आणि मग त्यांनी लाल-हिरव्याची सगळी भानगड मुलांना सांगून टाकली. मुलांपासून काही लपवायची त्यांना सवयच नव्हती.

वर्गात एक वकील होता. प्रत्येक वाक्याला त्याची एक हरकत असायची. तो म्हणाला, "म्हणजे बाई, त्याला फक्त चेहरा हवाय?"

"हो रे बाबा. नुसतं थोबाड हवंय. डोकं नको, हात नकोत."

"कुणाचंही?"

"मला काय विचारतोस, त्या यंत्राला विचार!" बाई वैतागून म्हणाल्या आणि विषय संपला असं त्यांना वाटलं.

पुढचे एक-दोन तास लालच गेले. मग हळूहळू एकेक चौकट हिरवी व्हायला लागली, आणि एके दिवशी सगळा पडदा हिरवा झाला. सगळे चेहरे समोर, माना सरळ, डोळे उघडे, मधून व्यवस्थित उघडझाप. आणि तरीही कात्र्या करकरत होत्या! बाई चक्रावल्या. कामही चाललंय आणि बघणंही? प्रश्न विचारला की उत्तर यायचं, पण ओठ हलत नसत. बाईंना वाटलं, नेट खराब असेल. सगळ्या दोषांचं खापर हल्ली नेटवर फोडता येतं, ती एक मोठी सोय आहे.

भांडं फोडलं ते वकिलाच्या आजीनं. आजी पाण्याचा पेला घेऊन खोलीत आली. "घे रे. कधीची हाक मारतेय." नातू काही बोलेना. "अरे, घे की! बहिरा झालास का?" तिनं पेला सरळ त्याच्या तोंडाशी नेला. पाणी ओघळलं, नाकाचा रंग हनुवटीवर उतरला, आजी किंचाळली, आणि टेबलाखालून खराखुरा वकील डोकं चोळत वर आला.

"आजी, वाट लावलीस! आत्ताच वाळला होता!"

वर्ग हसून हसून लोळला. सगळे लोळले, चेहरे मात्र पडद्यावर शांतपणे बाईंकडे बघत उघडझाप करत राहिले.

"दाखवा," बाई म्हणाल्या. "एकेकानं दाखवा. कसं केलं ते."

आणि मुलांनी दाखवलं. आधी त्यांनी स्वतःचे फोटो लावून बघितले होते, पण सपाट कागदाला यंत्र फसलं नाही. मग मुंगीनं खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या पातेल्यावर चढवून चेहऱ्याचा गोल काढला. नाक, गाल, भुवया सगळं उठावाचं. पापण्या पातळ पत्र्याच्या, त्यांना दोरा, आणि दोरा पायाच्या अंगठ्याला. पाय हलवला की पापणी मिटते. एकानं मुखवटा टेबलफॅनसमोर टांगला होता, त्यामुळे तो समजल्यासारखी मान डोलवायचा. एका मुलीनं दोन केले होते, एक चष्म्याचा नि एक बिनचष्म्याचा, कारण "रोज चष्मा लावला तर संशय येईल." आणि रंग! दोन वर्षं बाई घसा फोडून सांगत होत्या की माणसाची कातडी ट्यूबमधून निघत नाही, ती मिसळावी लागते. तेव्हा सगळे गुलाबी माकडं काढायचे. आता प्रत्येकानं आरशात बघून स्वतःचा रंग शोधला होता, डोळ्याखालच्या काळपटपणासकट.

इतक्या वर्षांच्या नोकरीत असं काम बाईंनी बघितलं नव्हतं. आणि ते झालं होतं कशासाठी, तर बिनडोक मोजमाप चुकवण्यासाठी. हसावं की संतापावं, त्यांना कळेना; त्यांनी दोन्ही केलं.

"बाई, याला मार्क आहेत का?" मुंगीनं विचारलं. अंगठ्याची पट्टी अजून होती.

ॲपमध्ये हस्तकलेसमोर एकच रकाना होता, सहभागाचा. तो आपोआप भरायचा. मुखवट्याला तिथं पैकीच्या पैकी मिळाले होते. मुखवटा करणारीला काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई सरांकडे गेल्या. सर खुशीत होते. "कमाल केलीत! विश्वस्तांना तुमचाच तास दाखवायचा ठरलाय. कंपनीचा माणूसही येणार आहे."

बाईंनी सगळं सांगितलं. सरांचा चेहरा हळूहळू उतरला.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"एका आजीला."

"मग राहू द्या ना, बाई! आकडे वर गेलेत. तास वाचतोय. मुलं काम करताहेत. कुणाचं काय बिघडलं?"

"त्यांनी जे केलंय ते कुणाला दाखवताच यायचं नाही, हे बिघडलं. वर्षातलं सगळ्यात चांगलं काम आणि ते चोरून ठेवायचं?"

"तुम्हाला तास हवाय की कौतुक?"

बाई तशाच उठून आल्या. नवऱ्यानंही सरांचीच री ओढली. "गप्प बस. इतकी वर्षं काढलीस, थोडी राहिलीत." त्याचं म्हणणं व्यवहाराचं होतं आणि म्हणूनच बाईंना जास्त झोंबलं. पण मुंगीचा प्रश्न डोक्यातून जाईना. विश्वस्त शेवटी माणसं आहेत, त्यांना डोळे आहेत, असा त्यांनी हिशेब केला. मुलं काम करताना एकदा बघितली की आणखी काय सांगायचं उरतं? हस्तकलेच्या बाईंशिवाय असा हिशेब कुणी केला नसता.

त्यांनी मुलांना बजावलं, "मी सांगितलं की मुखवटे काढायचे. कॅमेऱ्यात हात दिसले पाहिजेत. आणि कोण बघतंय याची फिकीर न करता काम चालू ठेवायचं."

बैठकीच्या दिवशी शाळेच्या सभागृहात भिंतभर पडदा लावला होता. विश्वस्त ओळीनं बसले होते. पडद्यावर सगळं हिरवं. "वा!" अध्यक्ष म्हणाले. "किती एकाग्र आहेत."

"ती मुलं नाहीत," बाई म्हणाल्या. "ते मुलांनी केलेले मुखवटे आहेत. मुलं आता दाखवते." सरांनी डोळे मिटून घेतले. "काढा रे."

मुखवटे बाजूला झाले. मागे भांग दिसले, वेण्या दिसल्या, आणि हात. मुंगी दात घासणाऱ्या आजोबाचा कोपर बसवत होती, जीभ दातांत धरून. वकील टेबलफॅनच्या पात्याला काहीतरी बांधत होता आणि स्वतःशीच वाद घालत होता. एकानंही मान वर केली नाही. एकेक करत सगळ्या चौकटी लाल झाल्या, आणि बाईंना वाटलं, आता बघतील.

मग अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "पण ही तर आपल्याकडे बघतच नाहीयेत."

"कामात आहेत, साहेब."

"पाहुणे आलेत, तर निदान नमस्कार? आणि बाई, मुलांना फसवणूक शिकवताय, वर आम्हाला दाखवताय?"

"त्यांनी काय बनवलंय ते तरी बघा! एक हातात घेऊन बघा!" बाईंचा आवाज चढला. पण त्या चढल्या आवाजानंच उरलंसुरलं बिघडलं. निर्णय लगेच झाला. पुढच्या सत्रापासून चित्रफिती.

बाहेर पडताना कंपनीचा तरुण मागून आला. तो मात्र प्रभावित झाला होता. "मॅडम, दोन-चार मुखवटे मिळतील का? पुढच्या आवृत्तीत ही त्रुटी काढून टाकू. चाचणीला लागतील."

"कशाची त्रुटी?"

"म्हणजे, मुखवटे ओळखता यावेत."

"आणि मुलं? ती कधी ओळखता येणार?"

त्याला प्रश्न समजला नाही. सभ्यपणे हसून तो लिफ्टकडे गेला.

बाई रिकाम्या वर्गात शिरल्या आणि लॅपटॉप उघडला. तास अजून चालू होता. सगळा पडदा लाल, सगळ्या माना खाली.

"बाई, गेले का ते?" वकिलानं वर न बघता विचारलं. "बघू का आता वर?"

"गेले."

"आवडलं त्यांना?" मुंगी.

मुलांशी खोटं बोलणं बाईंना कधी जमलं नव्हतं. "नाही. तास बंद केला. पुढच्या सत्रापासून."

आता मात्र सगळे चेहरे वर आले, खरे, रागावलेले. चौकटी पटापट हिरव्या झाल्या. बाईंना ते बघवेना.

"म्हणजे आजपासून नाही ना?" वकील म्हणाला. "पुढच्या सत्रापासून म्हणजे आजपासून नव्हे."

"नाही. आजपासून नाही."

"मग आजोबाचा हात पुरा करू का?" मुंगीनं विचारलं. "हलायला लागलाय थोडा."

"कर की, विचारतेस काय!" बाई खेकसल्या. "आणि ब्लेड नीट धर. आधीच एक अंगठा घालवून बसलीस."