धोंडाबाईची गंजी

मुदखेडपासून दोन कोसांवर धोंडाबाईचा आखाडा आहे. आखाडा म्हणजे शेतातलंच घर. नवरा वारला तेव्हा "एकटी बाई, गावात येऊन राहा" म्हणणाऱ्या शहाण्यांना तिनं दारातूनच वाटेला लावलं होतं. लेक पुनम सासरचा मार खाऊन माघारी आली, तेव्हा समजूत घालायला तेच शहाणे पुन्हा आले. त्यांना तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही.

पुनमनं घरबसल्या नोकरी धरली. पुण्यातल्या एका क्लाससाठी लेकरांना कॉम्प्युटरवरून गणित शिकवायचं. अट एवढीच, की नेट तुटता कामा नये. तीन तास बुडाले की नोकरी गेली. आणि नोकरी गेली की धोंडाबाईचा धाकटा दीर रामलिंग टपलेलाच होता, पोरीला परत नांदायला धाडा म्हणून.

मग नेट घ्यायचं कोणतं? मोबाईलची रेंज यायची ती विहिरीजवळच्या मातीच्या ढिगावर. तिथं उन्हात बसून पोरगी गणित शिकवणार होय? गावात केबल आली होती, पण तिचे खांब रामलिंगच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आणावे लागणार. हा भला माणूस म्हणाला, "धुरा माझा हाय वयनी. खांब रोवू देतो, पण आधी पुनमला तिच्या घरी पोचवा."

"तुझा धुरा तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे," धोंडाबाई म्हणाली. ती लग्न होऊन आली तेव्हा याचं नाक तिनंच पुसलं होतं, आणि आता हा तिच्या लेकीचा निकाल लावायला निघाला.

राहिला ताहेर. मुदखेडात त्याचं दुकान, त्यावर टॉवर, आणि तिथून तो खेड्यापाड्यांत बिनतारेचं नेट द्यायचा. त्यानं पत्र्यावर थाळीएवढा अँटेना बसवला आणि बजावलं, "मावशी, हा अन् माझा टॉवर एकमेकांना दिसले पायजेत. मधी काही येऊ देऊ नका."

चार महिने नेट झकास चाललं. मग ज्वारी निघाली आणि गेल्या सालची संपली होती तिथंच धोंडाबाईनं दरसालसारखी कडब्याची गंजी रचली. तिच्यासारखी गंजी पंचक्रोशीत कुणी रचत नाही, हे तिचे वैरीसुद्धा कबूल करतात. आणि त्याच संध्याकाळी नेट गेलं.

दुसऱ्या दिवशी दोन तास बुडाले. धोंडाबाईनं ढिगावर चढून ताहेरला फोन लावला. "समोर काही आलं का मावशी?"

"काहीच न्हाई."

ती खोटं बोलत नव्हती. तीस वर्षं त्याच जागी गंजी असते. चुलीसारखी, दारासारखी. ती कुठं नवीन आली?

तिसऱ्या दिवशी दुपारी ताहेर आला, पत्र्यावर चढला आणि वरूनच म्हणाला, "मावशी, हे काय मग?"

धोंडाबाईनं गंजीकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. आपल्याच हातानं आपण पोरीची वाट अडवली, याची तिला लई लाज वाटली. ताहेर म्हणाला, उद्या उंच पाइप आणतो. पण पुनमचा तास आजच होता, चार वाजता.

तिनं पदर खोचला. पुनम मदतीला धावली तर म्हणाली, "तू तोंड धुऊन बस. तुला शिकवायचं हाय." ताहेर खाली उतरून पेंढ्या ओढू लागला.

रामलिंग आलाच. धोंडाबाईच्या रानात चार पावलं घुसून उभा राहिला. "रचलेली गंजी कुणी मोडतं का वयनी? लोक हसून राहिलेत. एका पोरीपायी वर्षाची वैरण इस्कटली."

"माझी वैरण, माझी पोरगी," ती म्हणाली आणि पेंढी फेकली. ती त्याच्या पायाशी पडली. मग दुसरी. तिसरी. तासाभरात पत्र्यावरून मुदखेडकडचं आभाळ मोकळं दिसू लागलं.

चारला पाच मिनिटं कमी असताना नेटच्या डबीवरचा दिवा हिरवा झाला. खिडकीतून पुनमचा आवाज आला, "बोला मुलांनो, परवा आपण अपूर्णांकांपाशी थांबलो होतो."

धोंडाबाईनं घाम पुसला. हात कडब्यानं सोलून निघाले होते. तिनं रामलिंगच्या पायाशी पडलेल्या पेंढ्या सरळ केल्या आणि नवा थर लावायला घेतला.

"हितं काय करून राहिल्या?" रामलिंगनं विचारलं.

"गंजी रचून राहिले. आता दरसाल हितंच. धुऱ्यापस्तोर माझीच हद्द हाय, तू उभा हाईस तीबी."

रामलिंगनं खाली पाहिलं आणि आपल्या धुऱ्यावर मागं सरकला.