पाचवा स्लॅब

सही करा, नाहीतर बुकिंग रद्द करतो, असं बिल्डरचा माणूस बँकेत सगळ्यांदेखत म्हणाला. माझी लेक त्याच्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होती. तिच्या लेखी घर बुडवणारी मीच होते. मी पेन टेबलावर ठेवलं.

कागद एका पानाचा होता. इमारतीचा पाचवा स्लॅब पूर्ण झाला आहे, तेव्हा आमच्या कर्जातला पुढचा पैसा बिल्डरला द्यावा, असा आमच्याच नावाने लिहिलेला अर्ज. खाली दोघींच्या सह्या हव्या होत्या. लेकीने केली होती. माझी राहिली होती.

पाचव्या स्लॅबचं काँक्रीट पडलेलं नव्हतं. मागच्या खेपेला मी गेले तेव्हा चौथा नुकताच पडला होता, त्याचे टेकूसुद्धा निघाले नव्हते. इतक्या लवकर पाचवा कसा, म्हणून आदल्या दिवशी मी घोरावाडी स्टेशनला लोकलमधून उतरले आणि चालत सोमाटण्याच्या साइटवर गेले. वर चढून बघितलं, तर साच्याच्या प्लेटा नुसत्या ठोकलेल्या होत्या. सळया अर्ध्या बांधलेल्या, अर्ध्या खाली गंजत पडलेल्या. काँक्रीटचा थेंब नव्हता. मुकादम म्हणाला, आजी, खाली उतरा, पडाल. मी म्हटलं, तू पाळण्यात होतास तेव्हा मी तुंगार्लीच्या बंगल्यांवर घमेली वाहत होते. वीस वर्षं बिगारी काम केलंय. पडलेला स्लॅब मला रस्त्यावरूनसुद्धा कळतो.

कर्ज मला कळत नव्हतं, ते मात्र खरं. माझी शाळा चौथीपर्यंत. लोणावळ्यात आम्ही राहत होतो ती खोली मालकाला शनिवार-रविवारच्या पर्यटकांना द्यायची होती. त्याने आम्हाला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. लेक एका हॉटेलात हिशेब बघते. नवऱ्याला सोडून आल्यापासून तिचं मंगळसूत्र कपाटात पडून होतं. ते आणि माझी पोस्टातली ठेव मोडून आम्ही सुरुवातीचा पैसा भरला. बाकीचं कर्ज. बँकेने माझं वय बघून माझी कमाई धरली नाही, पण घर दोघींच्या नावावर म्हणून कर्जालाही दोघींची नावं लावली. बँकेचं मंजुरीपत्र आलं त्या दिवशी लेकीने पेढे आणले. आम्हाला वाटलं, पैसा मिळाला. कुठला मिळतोय. मंजुरी म्हणजे नुसतं हो म्हणणं. पैसा स्लॅबामागून स्लॅब सुटतो, तोही आपल्या हातात येत नाही, थेट बिल्डरकडे जातो. जेवढा सुटला तेवढ्यावर व्याज त्याच महिन्यापासून आपण भरायचं. इमारत पुरी झाली नाही, बिल्डर पळाला, तरी ते कर्ज आपल्याच बोकांडी. हे कोणी बसवून सांगितलं नाही. पहिल्या चार वेळा आम्ही दाखवतील तिथे सह्या केल्या आणि चहा पिऊन घरी आलो. त्याची मला आजही लाज वाटते.

त्या दिवशी टेबलापलीकडे बसलेला साहेब लेकीपेक्षा लहान होता. त्याने फायलीतून एक दाखला काढून माझ्यापुढे सरकवला.

"मावशी, हे बघा, आर्किटेक्टने लिहून दिलंय. स्लॅब झाला म्हणून सही-शिक्का आहे."

"त्यो वर चढला व्हता का? मी काल चढले व्हते."

बिल्डरचा माणूस हसला. म्हणाला, आता बँकेने अशा बायांना इंजिनिअर म्हणून ठेवावं. मागे रांगेतली दोन माणसंही हसली. लेक माझ्या कानाशी आली आणि दातओठ खाऊन बोलली.

"आई, सगळेच करतात सही. आठ-पंधरा दिवसांनी पडेलच तो. तुझ्या हट्टापायी मी रस्त्यावर येईन."

"मग पडल्यावर करीन. आज न्हाई करणार."

साहेबाला मी सांगितलं, तुमचा इंजिनिअर पाठवा, तो म्हणाला झालं तर दोन्ही हातांनी सह्या करते. त्याला हे आवडलं नाही. कागद उचलताना त्याने मावशी म्हणायचं सोडलं. पण माझा तोंडी नकार तो लिहून घेईना, तेव्हा मीच एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं की स्लॅब झालेला नाही, आणि त्याची पोच मागितली. शिक्का मारून घेईपर्यंत उठले नाही. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली, तरी बसून राहिले.

चार दिवसांनी बँकेचा इंजिनिअर साइटवर गेला. पैसा थांबला. बिल्डरने नोटीस पाठवली की उशिराबद्दल व्याज लावू. ती नोटीस आणि माझी पोच मी त्याच्या ऑफिसात त्याच्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवली. व्याजाचं पुन्हा कोणी बोललं नाही. पाचवा स्लॅब पडला तो दीड महिन्याने. तोवर लेक माझ्याशी बोलली नाही. भाकरी ताटात टाकायची आणि उठून जायची. मीही तिची समजूत काढली नाही. स्लॅब पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन तो पायाखाली घेतला, मग बँकेत गेले आणि सही केली.

दिवाळीला खोली सोडावी लागली. पुढचे आठ महिने आम्ही एका ओळखीच्या बाईच्या पत्र्याच्या शेडमध्ये काढले, तिला भाडं देऊन, आणि बँकेला व्याज देऊन. त्याच बिल्डरच्या दुसऱ्या इमारतीत लोकांनी न पडलेल्या स्लॅबांवर सह्या केल्या होत्या. ती तिसऱ्या मजल्यावर थांबलीय आणि लोक हप्ते भरतायत. लेकीला हे ठाऊक आहे.

ताबा मिळाला तेव्हा भिंतीला ओल होती आणि लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावर सामान आम्हीच चढवलं. हप्ता अजून सोळा वर्षं आहे, तो लेक भरेल. मी तोवर नसेन. हे सगळं आम्ही दोघींनी निभावलं, मी आणि माझी लेक.