बांगडा घेऊन लॅपटॉप बघायला गेलेले साडू

माझ्या साडूंइतका चिकित्सक आणि तितकाच भाग्यवान माणूस मालवणपासून देवगडपर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही, आणि देव माझं थोडंफार ऐकत असेल तर पुन्हा होणारही नाही. एका घरच्या दोन बहिणी आम्हा दोघांना दिल्या. थोरलीला ते मिळाले आणि धाकटीला मी, हे माझी बायको कधी बोलून दाखवत नाही. ती फक्त "भावोजी असते तर..." एवढंच म्हणते आणि वाक्य तिथेच सोडून माझ्या पानात आमटी वाढते. साडूंची देवगडला हापूसची बाग आहे. वयाने ते माझ्याहून बरेच मोठे, पण डोक्यावर केसांचं असं रान की वारा आत शिरला तर वाट चुकेल. माझं कपाळ मात्र मालवणच्या शाळेत मराठी शिकवता शिकवता केव्हाच मानेपर्यंत पोचलं. मी बाजारात गेलो की कोळीण मला जिला "काल कुठे होतीस" असं विचारावं अशी शिळी सुरमई देते. त्यांना बघितल्यावर तीच बाई पाटीखालून ताजी काढते. एसटीत त्यांना खिडकी मिळते. खिडकीला ऊन लागलं तर सूर्य ढगाआड जातो. हे मी रागाने लिहीत नाही. थोडं रागाने लिहितो आहे.

त्यांच्या चिकित्सेचा धाक दुकानदारांना माझ्याहून जास्त. छत्री घ्यायची तर ते ती दुकानातच उघडून उभे राहत आणि दुकानदाराला वरून तांब्याभर पाणी ओतायला लावत. पलंग घेताना ते दुकानात असे गाढ झोपले की त्यांना उठवायचं कोणी, यावरून मालक आणि नोकरात वाद झाला. उठल्यावर म्हणाले, "पलंग बरो आसा, पण उजव्या कुशीर सपान वायट पडता." पलंग घेतला नाही. नवल म्हणजे त्या मालकाने त्यांना वर चहा पाजला. मी साधी चप्पल बदलून मागितली तर लोक माझ्याकडे चोर असल्यासारखं बघतात.

तर माझ्या मुलीला कोल्हापूरला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. कॉलेजने कळवलं की लॅपटॉप मोठ्या पडद्याचा हवा, घरांचे नकाशे काढायचे म्हणून प्रोसेसर दमदार हवा आणि डिस्प्लेचं रिझोल्यूशन चांगलं हवं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचायला घेतलं, तोवर बायको म्हणाली, "भावोजींना विचारा." आणि मुलीने तर विचारलंसुद्धा होतं. फोनवर ती हसत होती. माझ्याशी बोलताना ती अशी हसत नाही. माझ्याशी बोलताना ती शुद्ध बोलते.

साडू स्वतःसाठी लॅपटॉप शोधतच होते. त्यांची दोन्ही मुलं परदेशी, त्यांचे चेहरे मोठे दिसावेत म्हणून. त्यामुळे त्यांच्याकडे ज्ञान तयार होतं. दुसऱ्याच दिवशी ते आमच्या ओसरीवर हजर झाले. "मास्तरांनू," ते मला म्हणाले, "प्रोसेसर म्हणजे होडयेचा इंजिन. होडी मोठी घेतलास आणि इंजिन बारक्या लायलास, तर ती किनाऱ्यारच बसान ऱ्हवतली. आणि रिझोल्यूशन म्हणजे जाळा. जाळा मोठा आसान काय उपेग? भोकां बारीक होयी. नायतर बारीक म्हावरा सगळा सुटान जाता." इतकं सोपं समजावलं की माझ्या अंगाची लाही झाली. पंचवीस वर्षं उपमा अलंकार मी शिकवला होता.

मग आम्ही तिघं आणि साडू कुडाळच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने मोठ्या पडद्याचे लॅपटॉप ओळीने उघडून ठेवले. साडूंनी पिशवीतून एक ताजा बांगडा काढला, केळीच्या पानावर ठेवला आणि म्हणाले, "ह्येचो फोटो काढा नि सगळ्या पडद्यांर दाखवा. जंय बांगडो बांगड्यासारखो दिसतलो, तो पडदो खरो." दुकानात वास सुटला. दुसरी गिऱ्हाइकं निघून जातील असं मला वाटलं, तर ती जवळ आली. एका पडद्यावर बांगडा हिरवा दिसला, एकावर आजारी. "ह्यो कालचो," साडू म्हणाले, आणि सगळं दुकान हसलं. माझी मुलगी तर काकाच्या खांद्यावर डोकं टेकून हसली. मी बाहेर जाऊन सोडा प्यालो. त्या दिवशी लॅपटॉप घेतला नाही, कारण पास झालेल्या पडद्याचं इंजिन नापास झालं. साडू म्हणाले, "अजून बघूया."

हे "बघूया" मला सोसवेना. मुलगी माझी, तिचं पहिलं मोठं यंत्र मीच आणणार, असं ठरवून एका दुपारी मी कोणाला न सांगता कणकवलीला गेलो. दुकानातला सगळ्यात मोठा पडदा मी बोटाने दाखवला. बाकीचं दुकानदार सांगत होता आणि मी मान हलवत होतो.

मुलीने खोका उघडला. "केवढा मोठा आहे, बाबा! छानच आहे," असं म्हणाली, शुद्ध मराठीत. दोन दिवस मी गल्लीतून छाती काढून फिरलो. तिसऱ्या दिवशी तिच्या मागे उभा राहिलो, तर पडद्यावर तिने काढलेलं घर होतं. सरळ भिंतींच्या कडा जिन्यासारख्या तुटक दिसत होत्या. ती घर फिरवून बघू लागली की ते अर्ध्यात अडकायचं, दमल्यासारखं थांबायचं, मग एकदम उलटं व्हायचं. संध्याकाळी परसात तुळशीजवळ तिचा फोनवरचा हलका आवाज ऐकू आला. "काका, ह्याच्यार काय चलणा नाय रे. पण बाबांका सांगू नको हां. तेनी हौसेन हाडल्यानी." त्या "हौसेने आणलाय"मध्ये माझ्यावरचं प्रेम होतं, हे मला कळलं. पण ते त्यांना सांगितलं होतं.

साडू येणार, हे मी ओळखलं, आणि काय बोलतील त्याची उत्तरं मनात जुळवून बसलो. ते आले, हातात नवा खोका घेऊन. त्यांनी स्वतःसाठी अखेर एक लॅपटॉप पसंत केला होता. बांगडा, इंजिन, जाळं, सगळ्यात पहिला आलेला. चहा झाल्यावर बायको आणि मुलगी समोर असताना ते म्हणाले, "मास्तरांनू, माझी मोठी अडचण झाली. ह्या पडद्यार अक्षरां इतकी बारीक दिसतत की मुंगये चलतत काय समाजणा नाय. माझे डोळे आता म्हातारे झाले. तुमच्यार अक्षरां कशी ढब्बू दिसतत! बदलून दितास काय? उपकार होतीत."

अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात, हे मला त्यांनीच ओसरीवर बसून शिकवलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते बशीतल्या लाडवाकडे बघत होते. इतकं सफाईदार खोटं मला जन्मात जमलं नसतं, याचाही मला हेवा वाटला. मी म्हटलं, "न्या की. तुमची अडचण ती आमची." मुलगी खाली मान घालून दोन्ही खोके बांधायला लागली.

मी त्यांना रिक्षापर्यंत पोचवायला गेलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "तुमच्या मुलांना कुठला घेऊन दिलात?" ते हसले. "तेनी आपापले घेतल्यानी. माका कोणी इचारूकच नाय." एवढं बोलून ते रिक्षावाल्याला सीटचा स्पंज कुठल्या प्रतीचा आहे ते विचारू लागले.

मुलगी कोल्हापूरला निघाली तेव्हा ते मालवणच्या स्टँडवर आमच्या आधी येऊन उभे होते. ती आधी माझ्या पाया पडली आणि मग त्यांच्या, हे मी नोंदवून ठेवलं. बस सुटली, वळली, दिसेनाशी झाली. दोघी बहिणी डोळे पुसत कठड्यावर बसल्या. चपलेच्या टाचेवर तासभर बोलू शकणारा तो माणूस बस गेली त्या वळणाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मास्तरांनू, पडदो मोठो घेतलो खरो. पण पोरीच्या पाठीर जड जातलो."

अगदी हेच माझ्या मनात होतं. बोलले मात्र तेच आधी.