अकरा नंबरचा पोर्ट

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी वाचते, पण प्रत्येक वेळी मनात खरं कारण शोधत. कामच तसं आहे... नेटवर्क बंद पडलं की कारण असतंच. म्हणून हे लिहायला इतके दिवस लावले.

मुरुडला समुद्राकडच्या रस्त्यावर एक लॉज आहे. तिथलं सगळं नेटवर्क पप्पांनी उभं केलं. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांची गिऱ्हाइकं आता मी सांभाळते. लॉजवाल्या काकांचा फोन आला – मागच्या वाडीतल्या नव्या इमारतीत कॅमेरे चालू, पण पाहुण्यांचं वायफाय बंद.

दोन्ही नेटवर्क एकाच केबलमधून जातात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. अशा प्रत्येक वेगळ्या नेटवर्कला व्हीलॅन म्हणतात. राउटिंग, म्हणजे इंटरनेटकडे जायचा रस्ता, ठीक होतं. लॉजच्या ऑफिसमधल्या स्विचच्या, म्हणजे सगळ्या केबल जिथे येतात त्या डब्याच्या, चोवीस नंबरच्या पोर्टवर ‘नवी इमारत’ असं लेबल होतं, म्हणून मी तासभर तोच तपासत बसले.

“तुझा बापूस असता तर एव्हाना चाय पिऊन निघाला असता गो!” काका थट्टेत म्हणाले.

लहानपणी सुट्टीत मी पप्पांबरोबर कामावर जायचे. ते लांबच्या टोकाला, मी स्विचसमोर. कुठली केबल कुठल्या पोर्टची हे मला कळावं म्हणून ते ती दोनदा काढून लावायचे, जरा थांबायचे, मग आणखी एकदा. पोर्टवरचा जो दिवा तसा विझेल, तो आपला पोर्ट. फोन नाही, हाक नाही. माझ्यासारख्या न बोलणाऱ्या मुलीला ते फार आवडायचं.

साडेअकराच्या सुमारास अकरा नंबरचा दिवा विझला. लागला. विझला. लागला. मग जरा वेळ काहीच नाही... आणि पुन्हा एकदा.

“अगो, मागचे कॅमेरे गेले नि आले!” कॅमेऱ्यांच्या टीव्हीसमोरून काका ओरडले.

मी लॅपटॉपवर अकराची सेटिंग्ज उघडून पाहिली. नव्या इमारतीची केबल तिथे होती. कुणीतरी ती हलवली असणार, लेबल जुनंच राहिलं. त्या पोर्टवर पाहुण्यांचा व्हीलॅन जोडलेलाच नव्हता. जोडला. मिनिटभरात वाडीतून सफाईच्या मावशींची हाक आली, “नेट आला रं काका!”

मी मात्र मागच्या नव्या इमारतीकडे पळत सुटले. त्या केबलचं दुसरं टोक तिथल्या स्विचमध्ये, आणि त्या स्विचच्या पेटीला कुलूप. एकुलती एक चावी सकाळपासून माझ्याच खिशात. वीज गेली असती, तर स्विच पुन्हा सुरू व्हायलाच दोन मिनिटं लागली असती. पेटी उघडली. केबल घट्ट बसलेली, आणि तिच्या टोकापासून स्विचपर्यंत कोळ्याचं जाळं... कुठेही न तुटलेलं.

काका धापा टाकत आले. “लूज असेल. बदलून टाक ती, परत खोळंबा नको.”

बरोबरच होतं त्यांचं. दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी मी बदललीच असती. नवी केबल बॅगेत होती.

“चांगली आहे काका,” मी म्हणाले, आणि पेटी बंद केली.

हे कसं झालं, मला अजून सांगता येत नाही. दर रविवारी मी घरून ऑफिसमधल्या स्विचचा लॉग, म्हणजे कुठला पोर्ट कधी बंद-चालू झाला त्याच्या नोंदी, उघडते. त्या सकाळच्या नोंदींनंतर अकरा नंबरची एकही नवी ओळ नाही. नेटवर्क अगदी सुरळीत आहे... आणि ते पाहून मला दर वेळी रडू येतं.